लहान आहे, वाढेल

आईने डब्यात डोकावून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "केवढ्याला आणलात?"

"चोवीसशे," ईशान म्हणाला. "जोडी."

"ह्याला?"

"आजी, थायलंडचा आहे. ऱ्हायनोसेरॉस बीटल. अजून लहान आहे, वाढेल."

आईने डबा स्वतःकडे ओढला, झाकण काढलं आणि निवडणातला खडा उचलावा तसा त्यातला एक भुंगा दोन बोटांत धरून वर काढला. भुंग्याने पाय झाडले आणि चूं चूं आवाज केला. ईशान घाबरून मागे सरकला. "मेल्या, हा तर आपल्या माडावरचा गेंड्या! थायलंडचा कुठला? ह्याला मारायचे मला पैसे मिळायचे लहानपणी."

बोरिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर, जून महिन्याच्या पहिल्या रविवारी, आमची फसवणूक ही अशी उघडकीला आली.

ईशान माझा भाचा, नववीतला. ताई समोरच्या विंगमध्ये राहते, त्यामुळे त्याचे अर्धे छंद तिच्या घरी आणि उरलेले, म्हणजे तिने हाकललेले, माझ्या गॅलरीत असतात. आधी गप्पी मासे होते, मग निवडुंग. मग त्याने मोबाइलवर जपानी लोकांचे भुंगे पाहिले आणि पोरगा हातचा गेला. तिकडे त्याला काबुतोमुशी म्हणतात, म्हणजे शिरस्त्राणवाला किडा. सामुराईच्या शिरस्त्राणाला पुढे शिंगं असतात ना, तसा. दुसरा कुवागाता, सांडशीसारखा जबडा असलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली मुलं हे पाळतात, दुकानांत त्यांच्यासाठी चमच्याएवढ्या कपांतून जेली मिळते. आपल्याकडे कंदील, तसा तिकडे हा त्या मोसमाचा माल.

पण ईशानला हवा होता हर्क्युलीस. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातला. मोठा नर शिंगासकट १७ सेंटिमीटरपर्यंत जातो. माझा पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८ भरतो, आम्ही पट्टीने मोजला. पाठ पिवळसर हिरवी, आणि हवेत दमटपणा वाढला की तीच पाठ काळी पडते. म्हटलं, मग मुंबईत तो बारा महिने काळाच राहील, एवढे पैसे कशाला घालवायचे? भाच्याला विनोद आवडला नाही.

तो जे सांगायचा ते ऐकता ऐकता मलाही नाद लागला, हे कबूल करतो. १९९९ साली जपानने परदेशी भुंग्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले आणि त्यानंतर शेकड्यांनी जाती तिथे येऊ लागल्या. त्याच वर्षी ८० मिलिमीटरचा एक कुवागाता टोकियोत एक कोटी येनला विकला गेल्याची बातमी जगभर फिरली. ८० मिलिमीटर म्हणजे साधारण दीड काडेपेटी. काडेपेटीवरून वडील आठवले. ते सांगलीकडचे. बाभळीवरचा सोनकिडा काडेपेटीत ठेवायचा, बाभळीचाच पाला घालायचा, पायाला दोरा बांधून गरगर उडवायचा आणि दोन गोट्यांना एक या भावाने वर्गात विकायचा, असं सांगायचे. त्यांच्याही धंद्यात मोठ्या आणि हिरव्यागार किड्याला तीन गोट्या पडत. माणूस सगळीकडे सारखाच मापाला भुलतो.

ते माप कसं कमावतात, ते मला ईशानने दाखवलं. आपण ज्याला भुंगा म्हणतो तो त्या जीवाचा शेवटचा, थोडक्याचा अवतार. हर्क्युलीस अळीच्या रूपात मातीखाली दीड-दोन वर्षं काढतो, कुजलेलं लाकूड आणि पाला खात राहतो, शंभर ग्रॅमच्या वर जातो, आणि मग शिंग मिरवायला त्याला मिळतात काही महिने. म्हणून पाळणारे लोक भुंगा पाळतच नाहीत, अळी पाळतात. कुवागात्याच्या अळीसाठी लाकडाच्या चुऱ्यावर धिंगरी अळंबीची बुरशी वाढवतात, तिच्या पांढऱ्या बाटल्या रांगेने लावतात, बाटलीवर तारीख आणि वजन. थंड खोली, अंधार. कित्येक महिने बघायला काहीही नाही. मला वाटलं होतं हा हौशी लोकांचा खेळ असेल. हे लोणच्याच्या बरण्या सांभाळण्याच्या जवळचं काम आहे.

तर असा अभ्यास झाल्यावर आम्ही बाजारात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मुंबईत पक्षी-मासे मिळणारे बाजार काही कमी नाहीत. तिथे एका गाळेवाल्याने आजूबाजूला बघत टेबलाखालून डबा काढला. आत नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यावर दोन काळे-तपकिरी भुंगे. अंगठ्याच्या दोन पेरांएवढे. डोक्यावर एकेक बोथट शिंग, मागे वळलेलं. ईशानचा चेहरा पडला. गाळेवाल्याला तो लगेच दिसला. म्हणाला, "अभी बच्चा है. सहा महिने में इतना हो जायेगा." आणि हाताने त्याने साधारण उंदराएवढं माप दाखवलं.

आता इथे गंमत बघा. ईशानला माहीत होतं. त्यानेच मला पंधरा दिवस आधी सांगितलं होतं की कोषातून बाहेर आलेला भुंगा एक मिलिमीटरही वाढत नाही. वरचं कवच एकदा कडक झालं की झालं. जे काही वाढायचं ते अळी असताना, मातीत. छोटा भुंगा म्हणजे भुंग्याचं पिल्लू नव्हे, तो छोटाच राहिलेला म्हातारा असू शकतो. हे सगळं पाठ असलेला मुलगा "वाढेल" या एका शब्दावर विरघळला, आणि मी, सत्तेचाळीस वर्षांचा, बँकेत रोज लोकांच्या सह्या पडताळणारा माणूस, खिशातून चोवीसशे रुपये काढून मोकळा झालो. शनिवारची संध्याकाळ होती, पोराचा वाढदिवस होता, असली कारणं नंतर शोधली.

आईचा हिशेब वेगळा होता. तिचं माहेर गुहागरकडचं, घरामागे माडांचं आगर. गेंड्या रात्री माडाच्या शेंड्यात शिरतो, न उमललेला कोंब पोखरतो आणि त्याचा रस पितो. कोंब उमलला की झावळी कात्रीने कापल्यासारखी दिसते, त्रिकोणी खाचा पडलेली. कोवळं रोप असेल तर मरूनच जातं. नारळ पाडायला येणारा गडी तारेचा आकडा कमरेला लावून चढायचा, भोकात आकडा घालून भुंगा ओढून काढायचा आणि खाली टाकायचा. खाली आई आणि तिचे भाऊ करवंटीत गोळा करायचे. दहा भुंग्यांना एक आणा, असा आजोबांचा दर. ईशानने तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाला एकशे साठ. आपण दिलेल्या पैशांत त्या वेळी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार भुंगे आले असते.

"आणि ते मेलेले," आई म्हणाली. "जिवंत कोण घेणार?"

डबा परत करायला मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर गेलो नाही, याचं एक कारण आळस. दुसरं कारण रात्री वाचलेल्या गोष्टी. परदेशातून जिवंत किडा आणायचा तर आपल्याकडे सरकारी परवाना लागतो. त्यामागे १९१४ सालचा, इंग्रजांच्या काळातला, पिकांवरच्या घातक किडींचा कायदा आहे आणि २००३ सालचा वनस्पती संगरोधाचा, म्हणजे क्वारंटाइनचा, आदेश. उगाच नाही. हाच आमचा घरगुती गेंड्या १९०९ साली श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर सामोआ बेटावर पोचला आणि तिथून पॅसिफिकभर माडांचा काळ झाला. २००७ मध्ये ग्वाम, २०१३ मध्ये हवाई. मधल्या काळात, १९६०च्या दशकात, मलेशियात त्याला मारणारा एक विषाणू सापडला, तो मुद्दाम सामोआत नेऊन सोडला, तेव्हा तिथले माड जरा सावरले. आपल्याकडून बाहेर किडे न्यायलाही अशीच परवानगी लागते. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय किडे गोळा करणारे दोन झेक अभ्यासक पकडले गेले. एक दंडावर सुटला, दुसऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे गाळेवाला खरं बोलत असता आणि डब्यात खरोखरच थायलंड असता, तर मी गुन्हेगार ठरलो असतो. त्याने फसवलं म्हणून आम्ही वाचलो. अशा माणसाकडे कुठल्या तोंडाने पैसे परत मागायचे?

तेव्हा भुंगे राहिले. नावं ठेवायची नाहीत, एवढी अट आईने घातली.

त्यांना वेलची केळं आवडायचं. दिवसभर भुशात दडलेले, रात्री साडेनऊनंतर वर यायचे आणि केळ्याच्या चकतीत तोंड खुपसून बसायचे. मी मालिका बघायचं सोडून ते बघत बसायचो. बोटावर घेतला की पायांच्या काट्यांनी असा धरतो की सोडवताना एकेक पाय उचलावा लागतो. खालून पाहिलं तर पोटाशी तांबूस लव असते, आपण गोधडीच्या आत बघतोय असं वाटतं. त्या लवेवरूनच दुसरी फसवणूक कळली. नर-मादी शिंगावरून ठरवता येत नाही, मादीलाही शिंग असतं. शेपटीच्या टोकाला दाट केसांचा झुपका असेल तर मादी. ईशानने भिंग लावून दोघांना उलटं केलं. दोन्हीकडे झुपका. जोडी नव्हतीच, दोन बायका होत्या.

तरीही अंडी आली. रानातून पकडलेल्या माद्या आधीच नराला भेटलेल्या असतात, त्यांना पुढे नर लागत नाही. गावाहून चुलतभाऊ शेवटच्या आंब्याच्या पेट्या घेऊन आला, त्याच्याकडून आम्ही गोणभर जुनं शेणखत मागवून घेतलं होतं. (नॅशनल पार्क दहा मिनिटांवर आहे, पण तिथून कुजलेल्या लाकडाचा तुकडाही आणता येत नाही आणि आणूही नये.) लिफ्टमध्ये गोणी नेताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नाकाला पदर लावला. जूनअखेरीस ईशानने ते खत वर्तमानपत्रावर पसरलं, तर त्यात साबुदाण्याएवढे पांढरट दाणे. तेवीस. आईने एक दाणा तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला. मला वाटतं तिने ह्या प्राण्याला ह्या वयात कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडे यायचे ते तयार होऊन.

अळ्यांचा पावसाळा लांबला. जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत मुंग्यांची फौज, म्हणून डब्यांखाली पाण्याच्या वाट्या. खताला पाणी जास्त झालं की वास, कमी झालं की अळ्या वर. डब्यात हात खुपसून मूठभर खत दाबायचं. पाणी ठिबकलं तर जास्त, मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर कमी. हे ईशान मला शिकवत होता, आणि मागून आई म्हणाली, "म्हणजे लाडवासारखंच." त्या दिवसापासून खताचं पाणी तिच्याकडे गेलं.

सप्टेंबरमध्ये एक अळी मी पहिल्यांदा नीट पाहिली. अंगठ्याहून जाड, करंजीसारखी वळलेली. डोकं मातकट लाल आणि टणक, बाकी सगळं अंग दुधी, इतकं पातळ की मागच्या टोकाला आतलं खाल्लेलं खत राखाडी दिसतं. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ तपकिरी ठिपके, शर्टाच्या बटणांसारखे ओळीत. ती श्वासाची भोकं. तळहातावर ठेवली तर ती चालत नाही, अंग सरळ करायचा प्रयत्न करते, जमत नाही, परत वळते. थंड लागते. ईशानने ती आईच्या मोदकाच्या पिठाच्या वजनकाट्यावर ठेवली. बारा ग्रॅम. त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही. आता आमच्याकडे दोन काटे आहेत.

बारा ग्रॅम म्हणजे हर्क्युलीसच्या अळीचा आठवा हिस्सासुद्धा नाही. पण ईशान दर रविवारी वहीत वजन लिहायचा आणि अर्ध्या ग्रॅमसाठी हळहळायचा. "मामा, आत्ताच काय ते आहे. नंतर काही करता येत नाही." गणितात त्याला त्या सहामाहीत एकोणचाळीस मिळाले होते. ताईचं मत होतं की हेच वाक्य त्याने स्वतःला म्हणावं. मी मध्ये पडलो नाही.

मग गणपतीनंतर बुरशी आली. चौदा अळ्यांपैकी एक हलेना. दोन दिवसांनी तिच्यावर पांढरी लव, आणखी तीन दिवसांनी सगळी अळी गडद हिरवी, खडूसारखी कडक. ईशानने डबा उघडा टाकून रडायला सुरुवात केली. एकेक करून पाच गेल्या. आईने ती हिरवी अळी पाहिली आणि म्हणाली, "ही आमच्याकडे कृषी अधिकारी पिशवीतून देतात." खरं होतं. मेटारायझियम नावाची बुरशी, शेणखताच्या खड्ड्यात मुद्दाम मिसळतात, कारण गेंड्या वाढतो तो तिथेच. गावच्या खतातूनच ती आली असणार. एका खोलीत आजी आणि नातू त्याच अळीकडे बघत होते, एकीच्या मते औषध लागू पडलं होतं आणि एकाच्या मते साथ आली होती. आईने नंतर हिरव्या अळ्या कागदात बांधून बाजूला काढल्या, उरलेल्या नऊ नव्या डब्यांत वेगवेगळ्या केल्या, हात डेटॉलने धुतले. "आता भांडी वेगळी ठेवायची," म्हणाली. कावीळ झाली की घरात जे करतात, ते.

दिवाळीला सफाईवाल्या बाई गॅलरी धुवायला आल्या, तेव्हा ईशान दारात आडवा उभा राहिला. चार अळ्यांनी डब्याच्या कडेला मातीची अंड्यासारखी गुळगुळीत खोली केली होती. आत अळी पिवळट पडून पडली होती, कोष व्हायच्या बेतात. ह्या वेळी डबा हलला, खोली फुटली, तर शिंग वाकडं होतं आणि तसंच कडक होतं. ती गॅलरी तशीच राहिली. लक्ष्मीपूजनाला सगळ्या घरात फिनेलचा वास आणि गॅलरीत शेणखताचा.

संक्रांतीच्या आदल्या रात्री पहिला वर आला. पारदर्शक डब्याच्या कडेने आम्ही त्याला कोषात तांबूस झालेला पाहिला होता, मग काळा होताना, मग तीन आठवडे नुसता पडून राहताना. आता तो खताच्या वर बसला होता, पाठीवर माती, आणि पुढचे दोन पाय उचलून थांबला होता. झुपका नव्हता. ईशानने बाबांच्या पेटीतून व्हर्नियर आणला. त्रेचाळीस मिलिमीटर. बाजारातून आणलेल्या दोघींत मोठी सेहेचाळीस होती. ती ऑक्टोबरातच गेली, दुसरी त्याआधी.

"तीन कमी पडले," तो म्हणाला.

"बाजारातली रानात वाढलेली," आई म्हणाली. "हा घरात वाढलाय. घरातली थोडी बुटकीच राहतात."

एकूण चार झाले. नऊतल्या उरलेल्या पाच अळ्यांचं काय झालं ते विचारू नका, आम्हालाही नीट कळलं नाही. चार भुंगे, केळ्याचा खर्च, आणि परत अंड्यांची भीती. सोडायचे तर कुठे? बोरिवलीतही माड आहेत, सोसायटीच्या गेटलाच तीन आहेत, आणि खाली ओल्या कचऱ्याचा खड्डा. आईने बजावलं होतं, सोडायचा नाही, ते पाप आपल्या माथी नको. तेव्हा ईशानने एका व्हॉट्सॲप गटावर जाहिरात टाकली. मी म्हटलं, थायलंडचा लिही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच तो गाळेवाला.

त्याने लिहिलं: "गेंड्या भुंगा, कोकणातला, घरी अंड्यापासून वाढवलेला. नर, ४३ मिमी. आता वाढणार नाही. नारळाची कीड आहे, बाहेर सोडू नये. ३०० रुपये."

तीन दिवस काहीच नाही. एकाने विचारलं, इम्पोर्टेड आहे का. नाही म्हटल्यावर तो गप्प. चौथ्या दिवशी संध्याकाळी वसईहून एका गृहस्थांचा फोन आला. ईशानने फोन स्पीकरवर टाकला.

"तो भुंगा तुम्ही विकताय?"

"हो काका."

"विकताय म्हणजे, लोक घेतात?"

"अजून कोणी घेतला नाही."

पलीकडे जरा शांतता. मग ते म्हणाले, "बाळा, माझ्या वाडीत चाळीस माड आहेत. प्रत्येकावर आहेत. फुकट देतो. रविवारी ये, हवे तेवढे ने, फक्त वर चढणारा माणूस मिळत नाही हल्ली, तेवढं बघ."

"शेणखताचा खड्डा आहे का काका?"

"दोन आहेत."

ईशानने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं. रविवारी सकाळची विरार लोकल त्या मानाने रिकामी असते.

शनिवारी रात्री आई कपाटातला एक तारेचा हँगर घेऊन बसली होती. पक्कड मागून घेतली, तार सरळ केली, एक टोक गुडघ्यावर दाबून आकडा वाकवला, टोकावर बोट फिरवून पाहिलं आणि तो ईशानच्या दप्तरात, रिकाम्या डब्यांच्या शेजारी, खोचून ठेवला.